१९८९ ची कॅलगरी–मॉन्ट्रियल अंतिम मालिका: जुने सामने पाहताना काय लक्षात ठेवायचं? आणि अशी लढत पुन्हा का झाली नाही?

निळी_रेघ

१९८९ च्या स्टॅनले कप (एनएचएल या उत्तर अमेरिकन आइस हॉकी लीगचं विजेतेपद) अंतिम मालिकेचे सहाही सामने पूर्ण लांबीचे उपलब्ध आहेत. कॅलगरी फ्लेम्स विरुद्ध मॉन्ट्रियल कनेडियन्स. आताची एनएचएल नियमित पाहतो, त्यामुळे पॉवर प्ले (समोरचा खेळाडू पेनल्टीवर बसल्यामुळे मिळणारी एका माणसाची आघाडी), ऑफसाइड, आयसिंग (मधल्या रेघेच्या अलीकडून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, थेट समोरच्या टोकाला फेकणं) वगैरे मुळापासून सांगायला नको. पण या जुन्या सामन्यांत काही गोष्टी चक्रावून टाकणाऱ्या आहेत. आयसिंग केल्यावर दमलेले खेळाडू आरामात बाहेर जातात आणि ताजे येतात. दोन्ही संघांचा एकेक खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये असतो, तरी बर्फावर पाचास पाचच. शिवाय दोन्ही संघ लाल, त्यामुळे कोण कुठला हे कळायलाच वेळ जातो.

माझे प्रश्न:

१. तेव्हाच्या आणि आताच्या नियमांतले कुठले फरक खेळ समजून घ्यायला खरोखर महत्त्वाचे आहेत?
२. सहापैकी तीनच सामने पाहायचे झाले तर कुठले?
३. होम आइस (मालिकेतले जास्त सामने आपल्या मैदानावर) कॅलगरीकडे होता आणि कप मात्र मॉन्ट्रियलमध्ये जिंकला. मग होम आइसचा उपयोग काय झाला? मॉन्ट्रियल फोरमवर (कनेडियन्सचं मैदान) पाहुण्या संघाने कप उचलायची ती एकमेव वेळ, असं वाचलं. बरोबर आहे का?
४. त्यानंतर दोन कॅनेडियन संघ अंतिम फेरीत समोरासमोर का आले नाहीत? शापबिप नको, कारणं हवीत.

आठवी_शिट्टी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी जर्सीचा घोळ मिटवू. तेव्हा घरचा संघ पांढऱ्या जर्सीत खेळायचा आणि पाहुणा गडद रंगात. २००३ मध्ये हे उलटं झालं. म्हणजे कॅलगरीच्या सॅडलडोममध्ये (पहिला, दुसरा, पाचवा सामना) पांढरे ते फ्लेम्स आणि लाल ते मॉन्ट्रियल. फोरमवर (तिसरा, चौथा, सहावा) पांढरे ते मॉन्ट्रियल आणि लाल ते फ्लेम्स. एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो. पडद्याच्या कोपऱ्यात गुणफलक आणि घड्याळ कायम दिसण्याची पद्धत तेव्हा नव्हती, म्हणून प्रत्येक फेस-ऑफपूर्वी (दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करणं) एकदा वेळ दाखवतात ती चुकवू नका.

आता नियम.

आयसिंग. बचाव करणाऱ्या संघाने मागे जाऊन पकला स्पर्श केल्याशिवाय शिट्टी होत नसे. त्यामुळे दोन खेळाडू पूर्ण वेगात मागच्या बोर्डकडे धावायचे आणि तिथे वाईट धडका व्हायच्या. आताचा हायब्रिड नियम, म्हणजे फेस-ऑफच्या ठिपक्यांपाशी कोण पुढे आहे ते पाहून लाइन्समनने ठरवायचं, २०१३ च्या हंगामापासून आला. दुसरी बाब तुमच्या नजरेला आलीच आहे: आयसिंग करणाऱ्या संघाला खेळाडू बदलायची मुभा होती. बंदी २००५ मध्ये आली. परिणाम असा की दबावाखाली दमलेली पाच माणसं पक सरळ दुसऱ्या टोकाला फेकून श्वास घ्यायची. त्यात तोटा जवळपास काहीच नव्हता, फक्त फेस-ऑफ आपल्या भागात. आज तीच दमलेली पाच माणसं तिथेच उभी राहतात आणि निम्मे गोल तिथेच होतात की काय असं वाटतं.

दोन रेघांचा पास. स्वतःच्या बचाव क्षेत्रातून दिलेला पास आपली निळी रेघ आणि मधली लाल रेघ अशा दोन्ही ओलांडून गेला तर खेळ थांबे. हाही नियम २००५ मध्ये गेला. त्यामुळे आता दिसतो तसा एका टोकापासून थेट समोरच्या निळ्या रेघेपर्यंतचा लांब पास १९८९ मध्ये दिसणारच नाही. बचावपटू बिनधास्त पुढे सरकून मधला पट्टा अडवायचे. पक घेऊन मधून जायचं तर धक्के खात स्केटिंग करून जायचं किंवा कोपऱ्यात फेकून त्यामागे धावायचं, हे दोनच मार्ग.

एकाच वेळी दोन्ही संघांना दोन-दोन मिनिटांची पेनल्टी झाली तर दोघांच्या जागी दुसरे खेळाडू उतरवायचे. १९८५ मध्ये आणलेला हा नियम. चार विरुद्ध चार झालं की मोकळ्या बर्फावर एडमंटनचे ऑइलर्स धुमाकूळ घालायचे, त्यांना आवरायला हा आणला अशी उघड चर्चा होती. १९९२ मध्ये तो रद्द झाला. तुम्ही पाहताय ते पाचास पाच या नियमामुळे.

पंच. एकच रेफरी आणि दोन लाइन्समन. पकच्या मागे, रेफरीच्या पाठीशी काय चाललंय ते तो पाहू शकत नव्हता आणि खेळाडूंना ते चांगलं ठाऊक होतं. स्टिक अडकवून मागे ओढणं, कमरेला धरून ठेवणं हे सर्रास चालायचं. आजच्या मापाने मोजलं तर एका पिरियडमध्ये दहा पेनल्ट्या निघतील. व्हिडिओ पाहून निर्णय द्यायची सोयही नव्हती, ती १९९१ च्या हंगामात आली. गोल झाला की नाही ते नेटमागे बसलेला गोल जज लाल दिवा लावून सांगायचा आणि अंतिम शब्द रेफरीचा.

आणखी एक बारीकसं. आज बचाव क्षेत्रातून पक थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला तर दोन मिनिटं बसावं लागतं. तेव्हा ते फक्त गोलीला लागू होतं. बचावपटू अडचणीत आला की काचेवरून भिरकावून मोकळा.

लांब_बदली

सामने निवडायचे तर माझ्या मते पहिला, तिसरा, सहावा. सगळा हिशोब आधी मांडतो, निकाल माहीत नसतील आणि नको असतील तर पुढचा परिच्छेद सोडा.

१४ मे, कॅलगरी ३–२. १७ मे, मॉन्ट्रियल ४–२. १९ मे, मॉन्ट्रियल ४–३ दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. २१ मे, कॅलगरी ४–२. २३ मे, कॅलगरी ३–२. २५ मे, कॅलगरी ४–२. मालिका ४–२. सहा सामन्यांत कॅलगरीचे १९ गोल, मॉन्ट्रियलचे १६, आणि त्या १९ मधला शेवटचा तर रिकाम्या नेटमध्ये. तीन सामने एका गोलाच्या फरकाने सुटले. नियमित हंगामातही ८० सामन्यांत कॅलगरीचे ११७ गुण, मॉन्ट्रियलचे ११५. म्हणजे होम आइस ठरला तो एका विजयाच्या फरकाने. लीगमधले पहिले दोन संघच अंतिम फेरीत, हे फार क्वचित जमतं.

पहिला सामना अशासाठी की दोन्ही संघांचा मूळ बेत त्यात उघडा पडतो. कॅलगरी: बचावपटू अल मॅकिनिसचा लांबून शॉट (या सामन्यात त्याचे दोन गोल), आणि तीन वेगवेगळ्या फळ्यांकडून (फळी म्हणजे एकत्र उतरणारे तीन आघाडीपटू) सतत दबाव. मॉन्ट्रियल: पॅट्रिक रॉयचं गोलकीपिंग, ख्रिस चेलिओस आणि लॅरी रॉबिन्सन यांच्याकडून सुरू होणारी चढाई, आणि गी कार्बोनो–बॉब गेनी या बचावात मुरलेल्या आघाडीपटूंकडून समोरच्याची मुख्य फळी गोठवणं. त्या वर्षीचे पुरस्कारच पाहा: सर्वोत्तम गोलीचा व्हेझिना रॉयला, सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस चेलिओसला, बचावात सर्वोत्तम आघाडीपटूचा सेल्की कार्बोनोला, सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक अॅडम्स पॅट बर्न्सला. चारही मॉन्ट्रियलचे. आणि तरी हरले.

तिसरा सामना ओव्हरटाइमसाठी. प्ले-ऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) शूटआउट नाही, तीन विरुद्ध तीन नाही. वीस-वीस मिनिटांचे पूर्ण पिरियड, पाचास पाच, पहिला गोल की खेळ खल्लास. इथे मॅट्स नासलंडने शेवटच्या मिनिटात बरोबरी केली आणि रायन वॉल्टरने ओव्हरटाइमच्या ३८ मिनिटं ८ सेकंदांवर गोल मारला. एकूण ९८ मिनिटांचा खेळ. पाहायचं ते हे: दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये शिफ्ट (खेळाडूचा बर्फावरचा एक सलग वेळ) किती आखूड होतात. सुरुवातीला पाऊण मिनिट खेळणारे खेळाडू पुढे पुढे अर्ध्या मिनिटात बेंचकडे वळतात. पहिल्या ओव्हरटाइममध्ये धोकादायक प्रयत्न करणारे बचावपटू दुसऱ्यात पक मिळाला की बाहेर फेकतात. विजयी गोलाआधी कॅलगरीच्या मार्क हंटरला बोर्डिंगसाठी (समोरच्याला बोर्डवर आपटणं) पेनल्टीवर बसवलं होतं. एवढ्या उशिरा सडन डेथमध्ये शिट्टी फुंकायला रेफरीचं काळीज लागतं, आणि कॅलगरीच्या बाकावरून त्यावर काय प्रतिक्रिया आली असेल ते सांगायला नको.

सहाव्याबद्दल जरा सविस्तर. पहिला गोल कॅलगरीच्या कॉलिन पॅटरसनचा, बरोबरी मॉन्ट्रियलच्या क्लॉड लेम्यूची. दुसऱ्या पिरियडमध्ये कॅलगरीचा लॅनी मॅकडोनल्ड पेनल्टी भोगून बाहेर येतो. पेनल्टी बॉक्सचं दार मधल्या पट्ट्यात उघडतं. आत असलेल्या खेळाडूला कुणी धरलेलं नसतं, कारण क्षणापूर्वी तो खेळातच नव्हता. समोरचा संघ पॉवर प्ले संपवून माघारी वळतोय, त्यांची तोंडं दुसरीकडे, आणि मॅकडोनल्ड त्यांच्या पाठीमागून धावत सुटतो. जो नुएन्डिकचा पास उजव्या बाजूला, शॉट रॉयच्या ग्लव्हवरून. २–१. ही चाल नीट दोन-तीनदा मागे घेऊन पाहा, पास देणारा कधी वर बघतो ते कळतं. मॅकडोनल्ड तेव्हा ३६ वर्षांचा, त्याच हंगामात ५०० गोल आणि १००० गुण (गोल आणि गोलाचे पास, म्हणजे असिस्ट, मिळून) पूर्ण केलेले, पण मालिकेतल्या आधीच्या काही सामन्यांत त्याला बाहेर बसवलं होतं. प्रशिक्षक टेरी क्रिस्पने सहाव्यासाठी त्याला आत घेतलं आणि जिम पेप्लिंस्की व टिम हंटर यांना बाहेर ठेवलं. हे तिघेही त्या संघाचे सह-कर्णधार. मॅकडोनल्डचा हा शेवटचा सामना ठरला, आणि पलीकडे बॉब गेनीचाही एनएचएलमधला.

तिसऱ्या पिरियडमध्ये डग गिलमोरने ३–१ केलं, मिनिटभरात रिक ग्रीनने ३–२, आणि अखेरीस रॉयला बाहेर काढल्यावर गिलमोरनेच रिकाम्या नेटमध्ये चौथा.

चौथा आणि पाचवा वाईट नाहीत, पण तिथे नवीन काही कळत नाही. दुसरा वगळला तरी चालेल.

मरून

फोरमबद्दल दुरुस्ती. १९२८ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्सने फोरमवरच कप जिंकला होता, पण समोर मॉन्ट्रियल मरून्स होते. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सर्कस आल्यामुळे ती अख्खी मालिका मॉन्ट्रियलमध्ये झाली. त्याच मालिकेत गोली जखमी झाल्यावर रेंजर्सचे ४४ वर्षांचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक स्वतः पॅड बांधून उभे राहिले आणि जिंकले. तेव्हा वाक्य असं लिहायला हवं: कनेडियन्सना त्यांच्याच फोरमवर हरवून कप उचलणारा पाहुणा संघ एकच, १९८९ चा कॅलगरी.

आठवी_शिट्टी

होम आइसचं कुणी बोललं नाही. आरडाओरडा बाजूला ठेवा, नियमाच्या दृष्टीने घरच्या संघाला मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे शेवटची बदली. शिट्टी झाली की पाहुण्याने आपले पाच आधी उतरवायचे. मग रेफरी हात वर करतो आणि घरच्या संघाला बदलायला काही सेकंद देतो. हात खाली आला की दार बंद. म्हणजे बर्न्सला फोरमवर गिलमोर दिसला की समोर कार्बोनो सोडता येतो. कॅलगरीत हीच सोय क्रिस्पला.

यावर पाहुण्याकडे एक उपाय आहे: खेळ चालू असताना बदली. नको ती जोडी समोर आली की पंधरा सेकंदांत गिलमोरला परत बोलवायचं आणि दुसरा सेंटर सोडायचा. यात चूक होते ती दुसऱ्या पिरियडमध्ये. बाजू बदलल्यामुळे आपलं बेंच आपल्या नेटपासून लांब जातं, पक आपल्या हद्दीत असताना कुणी बाहेर निघाला तर चारच जण मागे उरतात. चालू खेळात बदली करायची ती पक समोरच्या कोपऱ्यात टाकल्यावरच.

या मालिकेत शेवटच्या बदलीचा प्रभाव कमी पडला त्याचं कारण माझ्या मते कॅलगरीचे सेंटर (फळीच्या मध्यभागी खेळणारे). गिलमोर, नुएन्डिक (त्या हंगामात ५१ गोल) आणि जोएल ऑटो. कार्बोनो एकच. तो एकाला झाकतो, उरलेले दोघं खेळतात. ५१ गोलवाला जो मलन उजव्या बाजूला, शिवाय हंगामाच्या मध्यात आलेला थिओरेन फ्लूरी खालच्या फळीत. गिलमोर तर १९८८ च्या सप्टेंबरमध्ये सेंट लुईसकडून आला. ती एक अदलाबदल झाली नसती तर कार्बोनोची योजना पुरली असती असं मला वाटतं.

प्रवासही धरा. कॅलगरी ते मॉन्ट्रियल विमानाने ३,००० किलोमीटरच्या आसपास आणि घड्याळ दोन तास पुढे. १७ तारखेपासून २५ पर्यंत एकाआड एक दिवस सामना, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या, चौथ्या-पाचव्या आणि पाचव्या-सहाव्या सामन्यांदरम्यान देश ओलांडायचा. दोघांना सारखंच, पण जास्त फळ्या खेळवणाऱ्या संघाला ते कमी बोचतं.

निळी_रेघ

उत्तम. मॅकिनिसबद्दल आणखी हवं आहे. बचावपटू असून त्याला कॉन स्मायथ (प्ले-ऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) मिळाली. पहिला सामना पाहताना त्याचा शॉट जोरात आहे हे दिसतं, पण एवढ्या लांबून मारलेला पक रॉयसारख्या गोलीला कसा चुकतो?

ओला_लाकूड

जोर अर्धाच भाग आहे, तरी आधी जोरच समजून घेऊ. स्लॅपशॉटमध्ये स्टिकचं पातं पकवर नव्हे, पकच्या थोडं आधी बर्फावर आदळवतात. दांडा धनुष्यासारखा वाकतो, वजन पुढच्या पायावर येतं, आणि पक पात्याला लागत असताना दांडा सरळ होत ती साठलेली ताकद सोडतो. फार मागे आपटलं तर ताकद बर्फात जाते. फार जवळ आपटलं तर दांडा वाकायला वेळच मिळत नाही. मॅकिनिस लाकडी स्टिक वापरायचा आणि कॉम्पोझिट स्टिक आल्यावरही त्याने लाकूड सोडलं नाही. ऑल-स्टार कौशल्य स्पर्धेत सर्वात जोरदार शॉट त्याने सात वेळा जिंकला. १९८४ च्या जानेवारीत सेंट लुईसचा गोली माइक ल्यूटच्या मास्कवर त्याचा शॉट बसला, मास्क फुटला आणि पक आत गेला.

पक म्हणजे व्हल्कनाइज्ड रबराची चकती, व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. सामन्याआधी त्या गोठवून ठेवतात, कारण उबदार रबर उसळतं. पक उसळत असेल तर पूर्ण झोक्याचा स्लॅपशॉट हुकतो, म्हणून पिरियडच्या अखेरीस, बर्फ खरवडलेला असताना, असे शॉट कमी घेतात.

रॉयला पक का चुकायचा, तर त्याला तो दिसायचाच नाही. पॉवर प्लेवर कॅलगरीची मांडणी पाहा. मॅकिनिस निळ्या रेघेच्या आत, मध्याच्या जरा बाजूला. गिलमोर किंवा दुसरा पासर बोर्डलगत अर्ध्यावर. नेटसमोर ऑटोसारखा सहा फूट चार इंचांचा माणूस, पाठ गोलीकडे. पास बोर्डकडून मॅकिनिसकडे येतो, तो पक न थांबवता किंवा एका स्पर्शात जागेवर आणून मारतो. रॉय गुडघ्यांवर बसून खालचा भाग झाकण्यात माहीर, हीच बटरफ्लाय पद्धत त्याने पुढे सर्वत्र पसरवली. पण समोर भिंत असेल तर तो अंदाजाने आधीच खाली बसतो आणि खांद्यांवरची जागा उघडी पडते. खालून मारलेला शॉट अडलाच तर रिबाउंड (उसळून परत आलेला पक) ऑटोच्या स्टिकपाशी.

हे फसतं कुठे, तर शॉट समोरच्या बचाव करणाऱ्याच्या नडगीवर बसला की. निळ्या रेघेवरचा माणूस शेवटचा असतो. पक त्याच्या मागे गेला की एक जण कमी असलेला संघ सरळ नेटकडे सुटतो. म्हणून मॅकिनिस बरेचदा मागे खेचलेली स्टिक तशीच थांबवतो. अडवणारा खाली झोपतो, मग हा एक पाऊल आत सरकून मारतो. कार्बोनो शॉट अडवायला सर्वात आधी आडवा होणाऱ्यांपैकी, त्यामुळे या दोघांमधली ही छोटी झटापट पूर्ण मालिकाभर चालते. शॉट मारताना बघू नका, त्याआधीचा सेकंद बघा.

आकडे: त्या प्ले-ऑफमध्ये २२ सामन्यांत मॅकिनिसचे ७ गोल, २४ असिस्ट, ३१ गुण. प्ले-ऑफच्या गुणतक्त्यात पहिला आलेला तो पहिला बचावपटू. सलग १७ सामन्यांत किमान एक गुण.

आणि कॅलगरीचा गोली माइक व्हर्नन विसरू नका. पाच फूट नऊ इंचांचा, कॅलगरीचाच मुलगा. पहिल्या फेरीत व्हँकुव्हरविरुद्धचा सातवा सामना ओव्हरटाइमला गेला आणि तिथे त्याने पक अडवले नसते तर ही चर्चाच झाली नसती. तो सामना ऑटोच्या गोलाने संपला.

बारा_जोड्या

चौथा प्रश्न. यात दोन वेगळे प्रश्न मिसळले जातात आणि सगळी चर्चा नासते. दोन कॅनेडियन संघांत अंतिम मालिका का नाही, हा एक. कॅनेडियन संघ कप का जिंकत नाही, हा दुसरा. पहिल्यात फारसं नवल नाही. दुसऱ्यात आहे.

पहिला घ्या. १९८९ मध्ये लीगमध्ये २१ संघ, त्यांतले ७ कॅनेडियन. पण वाटणी कशी होती ते पाहा. कॅम्बेल कॉन्फरन्समध्ये १० संघ, त्यांत टोरंटो, कॅलगरी, एडमंटन, विनिपेग, व्हँकुव्हर असे पाच. वेल्स कॉन्फरन्समध्ये ११ संघ, त्यांत मॉन्ट्रियल आणि क्युबेक दोन. सगळे संघ सारख्याच ताकदीचे धरले तर दोन्ही बाजूंनी कॅनेडियन संघ येण्याची शक्यता ५/१० गुणिले २/११, म्हणजे ९ टक्के. साधारण अकरा वर्षांत एकदा. त्यात पहिल्या दोन फेऱ्या डिव्हिजनमध्येच (कॉन्फरन्समधला उपगट) खेळायच्या होत्या, आणि स्मायथ डिव्हिजनच्या पाचपैकी चार संघ कॅनेडियन. त्यामुळे लॉस एंजेलिस आडवं आलं नाही तर कॅम्बेलच्या अंतिम लढतीत एक कॅनेडियन संघ ठरलेलाच. १९८३ ते १९९० सलग आठ अंतिम मालिकांत अल्बर्टाचा, म्हणजे एडमंटन किंवा कॅलगरी यांपैकी एक संघ होता. पलीकडून मॉन्ट्रियल वर आलं की झालं: १९८६ आणि १९८९. १९८६ मध्ये मॉन्ट्रियल ४–१ ने जिंकलं. त्याआधीची अशी मालिका १९६७ ची, टोरंटो ४–२ मॉन्ट्रियल.

आता ३२ संघ. पूर्वेत १६ पैकी टोरंटो, मॉन्ट्रियल, ओटावा. पश्चिमेत १६ पैकी कॅलगरी, एडमंटन, व्हँकुव्हर, विनिपेग. शक्य जोड्या बारा. ३/१६ गुणिले ४/१६ म्हणजे ४.७ टक्के, साधारण एकवीस वर्षांत एकदा. १९९० ते २०२५ मध्ये ३५ अंतिम मालिका झाल्या (२००५ चा हंगाम लॉकआउटमध्ये, म्हणजे मालक आणि खेळाडूंच्या वादात, बुडाला). आजची वाटणी सगळीकडे लावली तर ३५ वेळांत एकदाही तसं न घडण्याची शक्यता सुमारे पाचात एक. अगदी साधी गोष्ट.

टोरंटो–मॉन्ट्रियल अंतिम मालिका तर आता होऊच शकत नाही, टोरंटो १९९८ पासून पूर्वेत आहे. ती सर्वात जवळ आली १९९३ मध्ये. मॉन्ट्रियल अंतिम फेरीत पोचून वाट पाहत होतं, आणि टोरंटो घरच्या मैदानावर लॉस एंजेलिसविरुद्धचा सातवा सामना ५–४ ने हरलं. वेन ग्रेट्झ्कीचे तीन गोल. २०१७ मध्येही थोडी आशा होती: ओटावा पूर्वेच्या अंतिम लढतीत पिट्सबर्गविरुद्ध सातव्या सामन्याच्या दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये हरलं, एडमंटन दुसऱ्या फेरीत अॅनाहाइमविरुद्ध सातव्यात.

२०२१ चं गंमतशीर आहे. सीमा बंद असल्यामुळे सातही कॅनेडियन संघ एका डिव्हिजनमध्ये टाकले. लोक म्हणाले, यंदा नक्की. प्रत्यक्षात त्या रचनेत शेवटच्या चारांत एक कॅनेडियन संघ ठरलेला होता आणि दुसरा अशक्य होता, कारण ते आधी आपसातच बाद होणार. मॉन्ट्रियलने टोरंटोविरुद्ध १–३ वरून ४–३ केलं, विनिपेगला ४–० हरवलं, मग व्हेगासला ४–२, आणि अंतिम फेरीत टॅम्पाकडून १–४.

दुसरा प्रश्न मात्र खरा कोड्याचा. १९९३ च्या मॉन्ट्रियलनंतर २०२५ पर्यंत ३१ कप दिले गेले, एकही कॅनेडियन संघाकडे नाही. प्रत्येक वेळी ३२ पैकी ७ असं धरलं तरी याची शक्यता हजारात एकाहून कमी. आठ वेळा अंतिम फेरी गाठली, आठही वेळा हार: व्हँकुव्हर १९९४ आणि २०११, कॅलगरी २००४, एडमंटन २००६, ओटावा २००७, मॉन्ट्रियल २०२१, एडमंटन २०२४ आणि २०२५. त्यांतल्या पाच सातव्या सामन्यात. इथे 'सगळे संघ सारखेच' हे गृहीतक तपासायला हवं.

मरून

तपासू. १९९० च्या दशकात खेळाडूंचे पगार अमेरिकन डॉलरमध्ये आणि तिकिटांचं उत्पन्न कॅनेडियन डॉलरमध्ये. कॅनेडियन डॉलर २००२ च्या जानेवारीत ६२ अमेरिकन सेंटच्याही खाली गेला होता. पगारावर मर्यादा नव्हती. क्युबेक नॉर्डिक्स १९९५ मध्ये डेन्व्हरला गेले आणि पुढच्याच वर्षी कोलोराडो नावाने कप जिंकले. विनिपेग १९९६ मध्ये फीनिक्सला गेलं. कॅलगरीनेही १९८९ नंतर प्ले-ऑफची एक फेरीसुद्धा जिंकली नाही, थेट २००४ पर्यंत.

हे कारण २००५ पर्यंत पटतं. त्यानंतर सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) आली, सुरुवातीला ३ कोटी ९० लाख डॉलर, सगळ्यांना सारखी.

लांब_बदली

सारखी नाही. कॅप करापूर्वीच्या आकड्यावर आहे. फ्लोरिडा, टेक्सास, नेव्हाडा, टेनेसी इथे राज्याचा वैयक्तिक आयकर पगारावर नाही. ओंटारियो किंवा क्युबेकमध्ये वरच्या उत्पन्नावर केंद्र आणि प्रांत मिळून ५० टक्क्यांच्या वर. तोच खेळाडू हातात तितकेच पैसे यावेत म्हणून टोरंटोकडे जास्त मागतो आणि तो जास्तीचा आकडा टोरंटोच्या कॅपमधून जातो. वीस खेळाडूंमागे थोडं थोडं धरलं तरी एक चांगला बचावपटू कमी पडतो.

बारा_जोड्या

हे खरं, पण त्याचं वजन फार वाढवू नका. शिकागो, पिट्सबर्ग आणि लॉस एंजेलिसने २००९ ते २०१७ मध्ये मिळून आठ कप घेतले आणि कॅलिफोर्निया काही करमुक्त नाही. शिवाय खेळाडू बाहेरचा सामना ज्या राज्यात खेळतो तिथेही त्या दिवसांचा कर भरतो, त्यामुळे फरक कागदावर दिसतो तेवढा राहत नाही. पाच सातवे सामने हरण्याचं स्पष्टीकरण कराने होत नाही. २०११ चा सातवा तर व्हँकुव्हरच्या घरी होता.

निळी_रेघ

शेवटचा एक. १९८६ ची मालिकाही पाहावी का? तेच दोन संघ, तेच गोली?

ओला_लाकूड

मॉन्ट्रियलकडून तोच रॉय, २० वर्षांचा, पहिलाच पूर्ण हंगाम, कॉन स्मायथ त्यालाच. कॅलगरीकडून व्हर्ननच. पाचही सामने पाहायची गरज नाही. दुसरा पाहा, आणि तोही तिसऱ्या पिरियडच्या अखेरीपासून. बरोबरीनंतर ओव्हरटाइम सुरू झाला आणि ब्रायन स्क्रुडलंडने नवव्या सेकंदाला गोल मारला. प्ले-ऑफमधला सर्वात जलद ओव्हरटाइम गोल. फेस-ऑफपासून माइक मॅकफीचा पास, स्क्रुडलंडचा स्पर्श, संपलं. कॅलगरी पहिला सामना जिंकून १–० ने पुढे होतं. त्या गोलानंतर एकही जिंकलं नाही. रेकॉर्डिंग लावताना पिरियडच्या मधल्या विश्रांतीत ते पुढे ढकलू नका, हात जरा जास्त लागला की गोलच निघून जातो.